डावा अंगठा

रविवारी सकाळी माझ्या मुलीच्या, ईशाच्या, कॉलेजात बास्केटबॉलची निवड होती. तिने वीस फ्री थ्रो टाकले, सात रिंगमधून गेले. उरलेल्या तेरापैकी अकरा रिंगच्या उजव्या कडेला लागले. मी कठड्यावर बसून मोजत होतो.

तिचे प्रशिक्षक तरुण आणि भले वाटले. म्हणाले, "पुढच्या रविवारी पुन्हा बघतो, काका. पण नेम शाळेतच पक्का व्हायला हवा. इथे मी डावपेच बसवू की हात धरून शिकवू?"

त्यांचंही खरं असेल. पण ते अकरा चेंडू माझ्या ओळखीचे होते. मी ईशाला रिंगपासून तीन फुटांवर उभं केलं आणि डावा हात पाठीमागे घ्यायला सांगितला.

"बाबा, सगळे बघतायत."

"आमच्या कॉलेजच्या सरांनी जिल्ह्याला खेळलेल्या पोरांनाही असंच उभं केलं होतं. पंधरा दिवस."

आमचं मैदान लाल मातीचं होतं. संध्याकाळी तळवे विटकरी व्हायचे. सर म्हणायचे, लहानपणी चेंडू जड असतो, म्हणून डावा अंगठा मदतीला येतो. पुढे मनगटात बळ येतं, तरी तो चेंडू उजवीकडे ढकलतच राहतो. त्याला कोणीतरी थांब म्हणावं लागतं. तेव्हा आम्हाला राग यायचा. आता वाटतं, लहानपणच्या अशा किती मदती आपण अजून वागवत असतो, आणि संसाराला लागल्यावर थांब म्हणणारं कोणी उरत नाही.

ईशाने एका हाताने चेंडू टाकला. तो रिंगपर्यंत पोचलाच नाही, पण गेला अगदी सरळ.