क म्हणजे पहिला

साठ सालानंतरची ती वर्षं. मी सहकार खात्यात ऑडिटर होतो. यवतमाळहून एसटीनं, पुढे सायकलीवर गावोगाव फिरायचं, सोसायट्यांची दप्तरं तपासायची आणि शेवटी एक अक्षर लिहायचं: अ, ब, क किंवा ड. सोसायटीला पेरणीसाठी कर्ज द्यायचं की नाही, हे बँक त्या अक्षरावरून ठरवायची. माझं अक्षर खरं की खोटं, हे बघणारं मात्र कोणी नव्हतं. वरचे साहेब फक्त बेरजा बघायचे.

मोठ्या गावांनी ही मेख केव्हाच ओळखली होती. तिथे 'नवं-जुनं' चालायचं. तीस जूनला कागदावर सगळं कर्ज वसूल, एक जुलैला त्याच नावांवर तेवढंच परत वाटप. पैसा जागचा हलायचा नाही. मला ते दिसायचं, डोकं भणभणायचं. पण नियमात विचारलेली तीस जूनची थकबाकी, आणि ती शून्य. अध्यक्षांच्या घरी जेवून मी मुकाट्यानं अ लिहायचो.

फुलसावंगीच्या पुढच्या एका तांड्यावरही सोसायटी होती. तांड्याचा प्रमुख, म्हणजे नाईकच, तिचा सेक्रेटरी. चाळिशीत रात्रशाळेत अक्षरं शिकलेला. त्यानं वहीत सरळ लिहिलं होतं, 'कपाशी बुडाली. सात जणांचे राहिले. तुरीवर देतील.' इतकी स्वच्छ वही मी जिल्ह्यात पाहिली नव्हती. नियमानं तिला क बसत होता. मी लिहिला.

त्यानं अक्षरावर बोट ठेवलं. चेहरा फुलला. "क! पयलंच अक्षर भेटलं की साहेब."

रात्रशाळेत त्याची सुरुवात क, ख, ग पासून झाली होती. त्यानं घरात गुळाचा शिरा करायला सांगितला. माझी ओळ अ पासून सुरू व्हायची, हे मी त्याला सांगितलं नाही. शिरा खाल्ला आणि निघालो. त्या भित्रेपणाचा मला आजही राग येतो.

मे महिन्यात तो ऑफिसात येऊन उभा राहिला. बँकेनं कर्ज न देता परत पाठवलं होतं.

"क खालचा हाये, हे तवाच काहून नाही सांगतलं साहेब?"

"नियमच तसा आहे, नाईक."

"आमी खरं लिहिलं त क भेटला. खोटं लिहिलं असतं त काय भेटलं असतं?"

"अ," मी म्हणालो. खरं बोलायला मला नेमकी हीच वेळ सापडली.

तो गेल्यावर मी तिरीमिरीत वर लिहून पाठवलं, की हे नवं-जुनं कोणीतरी तपासा. कागद शेरा घेऊन परत आला: 'नियमाप्रमाणे कार्यवाही व्हावी.'

त्या हिवाळ्यात पुन्हा तांड्यावर गेलो. वही नवी होती. तीस जूनला सातही जणांची वसुली, एक जुलैला सातही जणांना वाटप. पावत्या, अंगठे, सगळं जागच्या जागी. तुरीचा उल्लेख कुठंच नव्हता. मी अ लिहिला.

नाइकानं वही ओढून घेतली आणि न बघताच मिटली.