हवेतलं हरीण

चित्रकलेच्या बाईंना सगळे पाठीमागे ‘खोडरबरबाई’ म्हणतात, आणि बाईंना ते ठाऊक नाही अशी बिचाऱ्यांची समजूत आहे. शाळेत एकाही पोराची रेघ बाईंनी सुखाने राहू दिली नाही. डोंगर काढला की उतार चुकला, आई काढली की मान आखूड! कुणाकडे चहाला गेल्या तरी भिंतीवरची तसबीर सरळ करूनच खुर्चीत टेकायच्या.

निवृत्तीनंतर अशा बाईंना राष्ट्रीय उद्यानाचं बोलावणं आलं. कलावंतांसाठी जंगलात एक खोली आहे. तिथे महिनाभर राहायचं आणि जाताना एक चित्र उद्यानाला द्यायचं. ते पाहुण्यांच्या दालनात लागतं. ही बातमी बाईंनी स्वतःच घरोघर पोचवली, त्यामुळे आता माघार नव्हती.

“झाडांना गुण देत बसू नकोस म्हणजे मिळवलं,” नवरा बॅग उचलताना म्हणाला.

धाकट्या जाऊबाई त्याच्याही वरताण. “ताई, वाघ दिसला तर पट्टे तपासा हो. एखादा वाकडा असायचा!”

खोलीत आल्यावर मात्र बाईंची पंचाईत झाली. रेघ काढायच्या, चुकली म्हणून खोडायच्या. कागद झिजून पारदर्शक व्हायला आला, पण चित्र काही उमटेना. दुसऱ्यांची चित्रं सुधारता सुधारता स्वतःचं असं एकही काढलेलं नाही, हे तोवर फक्त बाईंना माहीत होतं. आता दालनाच्या भिंतीला कळणार होतं.

खाटेसमोर आधीच्या चित्रकर्तीचं न्यायचं राहिलेलं, कोळशाने काढलेलं हरीण टांगलेलं होतं. त्याची सावली पायांपासून सुटून पार खाली पडलेली. बाईंनी चार दिवस दम धरला. पाचव्या दिवशी सावली खोडली, खुरांना नीट चिकटवली आणि गाढ झोपल्या.

सकाळी पाणी घेऊन आलेला रखवालदार थबकला. “बाई, हे हरीण खाली कधी उतरलं?”

“चुकलं होतं. सुधारलं.”

“अहो, जिचं आहे ती रविवारी न्यायला येतेय!”

बाईंना काय करावं सुचेना, म्हणून आल्यापासून पहिल्यांदाच त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. इतके दिवस त्यांनी कागदच पाहिला होता. तेवढ्यात गवतातून एक हरीण उधळलं आणि ओहोळावरून उडालं. क्षणभर ते वर होतं, आणि सावली खाली, एकटीच धावत होती.

रविवारी चित्रकर्ती आली. लेकीच्या वयाची पोर. तिने चप्पल काढायच्या आत बाई म्हणाल्या, “तुझ्या चित्रात मी हात घातला. तुझंच बरोबर होतं.” हे शेवटचं वाक्य बाईंच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं.

पोरीने चित्र पाहिलं. आधी ओठ आवळले, मग कोळसा पुढे केला. “उडवा आता परत.”

“ते तूच उडव. मला माझं काढायचंय.”

महिना संपला तेव्हा बाईंचं चित्र दालनात लागलं. वाकलेलं गवत, आणि त्यावर नुसती एक धावती सावली.

“हरीण कुठंय?” नवऱ्याने विचारलं.

“वर.”

“बरं. पण ही रेघ जरा तिरकी नाही वाटत?”

बाईंचा हात सवयीने पर्समधल्या खोडरबरापर्यंत गेला. मग त्यांनी अख्खी पर्सच नवऱ्याच्या हातात दिली.

“धरा हो जरा,” म्हणाल्या, आणि खिडकीकडे गेल्या.