राखेनं घासलेला डबा

मैत्रिणींनो, हे घाईघाईनं लिहितेय.

सकाळी शेजारच्या कमलताई संत्र्याच्या बागेतून आणलेल्या पत्र्याच्या डब्यात मुरमुरे घेऊन आल्या. माझ्या चार वर्षांच्या नातीनं मूठभर खाल्लेही. मी डबा हुंगला आणि गारठलेच. फवारणीच्या औषधाचा वास!

"तीनदा राखेनं घासला नं जी, कायले भेऊन राहिल्या?" कमलताई म्हणाल्या.

ऐंशीच्या दशकात, मी कॉन्व्हेंटात शिकत असताना, पांढुर्ण्याला माझ्या आईनंही असाच डबा घासून त्यात गूळ ठेवला होता. धाकटा भाऊ दोन दिवस बेशुद्ध होता. नशिबानं वाचला.

नातीला लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा. नात खेळतेय. मी दर पाच मिनिटांनी तिला जवळ घेऊन तिचं तोंड हुंगतेय.

तुमच्या स्वयंपाकघरात आहे का असा घासलेला डबा?