तानाकांचा मानपान

चहाचा घोट घेऊन झाला असेल तर सांगतो, नाहीतर ठसका लागेल. आभार मानता मानता स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल तर नीट बघून घ्या, तुमच्यासमोरच बसलाय.

इंटरनेट नुकतंच कोल्हापुरात, आमच्या राजारामपुरीत पोचलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो, तेही तात्पुरतं. एम.फिल. झालं तर कायम, नाहीतर घरी बस, असा सरळ मामला.

माझा विषय होता पन्हाळ्याच्या बाजूच्या भाताच्या जाती. त्या ताडून बघायला जगभरच्या भाताची माहिती हवी होती, आणि ती इंटरनेटवरच्या एका डेटाबेसमध्ये मिळाली. शास्त्रज्ञ तिथं आपापली माहिती ठेवतात आणि कुणीही ती फुकट बघू शकतो. जनुकांची ती अक्षरं मी छापून आणायचो आणि सुनंदा, म्हणजे आमची सौ., भाकऱ्या थापत मला वाचून दाखवायची. "ए, टी, टी, जी... जरा थांबा, तवा तापलाय."

माझे मार्गदर्शक चौगुले सर एवढंच म्हणाले होते, "फुकट मिळालं म्हणून गप बसू नका. ज्यांचं घेतलंय त्यांचं श्रेय द्या."

झालं! श्रेय म्हटल्यावर मला जुना रुसवा आठवला. आमच्या बहिणीच्या लग्नपत्रिकेत कुरुंदवाडच्या आत्याच्या यजमानांचं नाव राहिलं होतं. त्या गृहस्थांनी आमच्या घरचं पाणीसुद्धा सोडलं. तेव्हापासून मी पत्रिका असो वा प्रबंध, नाव कुणाचं गाळत नाही.

डेटाबेसमधल्या प्रत्येक नोंदीवर ती देणाऱ्या शास्त्रज्ञांची नावं असतात. मी ती सगळी ऋणनिर्देशात आई-वडील, चौगुले सर आणि सुनंदा यांच्या खाली घेतली. जपानी, चिनी, फिलिपिनी, कुणी म्हणून सोडला नाही. आमचा डीटीपीवाला बाळू घामाघूम झाला.

"सर, ह्यो तानाका बाप्या हाय का बाई?"

"का रे?"

"श्री. लावू का सौ.?"

प्रबंध इंग्रजीत होता, पण मानपान कोल्हापुरीच. नुसतं 'एच. तानाका' यावरून काय कळणार? शेवटी 'श्री./सौ. तानाका व परिवार' असं टाकलं. वर 'नजरचुकीने कुणाचे नाव राहिल्यास क्षमस्व' हेही जोडलं. जपानातून तरी कुणी रुसून येऊ नये.

तोंडी परीक्षेला बेळगावहून परीक्षक आले. त्यांनी चष्मा वर-खाली करत ऋणनिर्देश पूर्ण वाचला. चौगुले सर खिडकीबाहेर बघत होते.

"ही माहिती घेतली कुठून?"

"सर, सगळ्यांची नावं दिलीत की."

"ते बघितलं. उद्या मला ही नोंद पडताळायची झाली, तर तानाकांच्या घरी जाऊ काय? डेटाबेसचं नाव कुठं आहे? नोंद क्रमांक? कुठल्या तारखेला बघितली?"

मी प्रबंधाची पानं उलटायला लागलो.

"पत्रिका झकास छापलीस बघ. पाव्हण्यांची नावं सगळी, पण लग्न कुठं आणि कधी, तेच नाही!"

चौगुले सरसुद्धा हसले. माझी मात्र नोकरी डोळ्यांसमोरून चालली होती. पण परीक्षक भला माणूस. म्हणाले, "संध्याकाळच्या गाडीनं जाणार आहे. तोवर नीट करून आण, सही करतो."

मी सायकल हाणत बाळूकडं. प्रत्येक तक्त्याखाली डेटाबेसचं नाव, नोंद क्रमांक आणि पाहिल्याची तारीख घातली. ऋणनिर्देशात डेटाबेसचे आभार एका ओळीत.

"आणि ही सगळी नावं काढून टाक."

"सगळी?"

"सगळी. एक बी ठेवू नकोस."

परीक्षकांनी तक्ते तपासले आणि सही केली. काय सांगू, छातीवरचं जातं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. नोकरी वाचली होती! बाइंडिंग झालेली प्रत मिळाली तशी पेढे घेऊन घरी आलो आणि ऐटीत ती सुनंदाच्या हातात दिली.

तिनं पेढा तोंडात टाकला आणि थेट ऋणनिर्देशाचं पान काढलं. एकदा वाचलं. पान उलटून मागं बघितलं, पुन्हा वाचलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाळू शब्दाला पक्का. तानाकांबरोबर आई-वडील गेले, चौगुले सर गेले, आणि सुनंदाही गेली.

"नोकरी कायम झाली न्हवं?"

"व्हय," मी हळूच म्हणालो.

"बरं झालं." तिनं प्रत मिटून माझ्या हातात ठेवली. "मग आता भाकरी बी त्या डेटाबेसालाच थापाय सांगा."