पेट्यांची यादी आणि एक साधी फाईल

माझा नवरा हवाई दलात तंत्रज्ञ आहे, त्यामुळे आमचा संसार अठरा काळ्या पत्र्याच्या पेट्यांत मावतो. दर बदलीला पेट्या भरायच्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नंबर घालायचा आणि कुठल्या पेटीत काय आहे त्याची यादी करायची. बाकीच्या घरांत ही यादी वहीत असते. आमच्या ह्यांची मात्र एका जुनाट लॅपटॉपवर, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये.

"नुसतं फुकट नाही गं," हे दर वेळी सुधारायचे. "ओपन सोर्स. कोणीही आतून उघडून बघावं, दुरुस्त करावं, पुढे द्यावं."

"मग तो लॅपटॉपही द्या कुणाला तरी," मी म्हणायची.

माझं सगळं फोनवरच्या एका देखण्या ॲपमध्ये होतं. आमच्या लेकीला फिट्स येतात. पहिली आली तेव्हा ती सहा वर्षांची होती. कधी आली, किती मिनिटं राहिली, ताप होता का, गोळी कोणती चालू होती, सगळं मी तिथे लिहीत असे. लखनौला बदली झाली तेव्हा तिच्या औषधांचे जुने कागद मी रद्दीत काढले होते. म्हटलं, फोनमध्ये आहे की सगळं.

लखनौच्या चारबाग स्टेशनवर उतरताना एका हातात लेक, दुसऱ्या हातात पिशव्या, त्यात फोन फलाटावर पडला आणि गेलाच. नवा घेतला. ॲपने ओटीपी पाठवला जुन्या नंबरवर, आणि तो नंबर आम्ही निघतानाच बंद केलेला. नवं ठाणं, नवं सिम ही रोमिंगच्या जमान्यातली सवय आमच्या घरात अजून सुटली नव्हती. मी कंपनीला मेलवर मेल केले. दर वेळी उत्तर एकच, नोंदवलेल्या नंबरवरचा ओटीपी टाका. डोक्याला हात लावला.

लखनौतल्याच सरोजिनी नगरच्या बाजूला क्वार्टर मिळालं. पेट्या ट्रकने येऊन भिंतीला लागल्या होत्या, निम्म्या अजून बंदच, तेवढ्यात लेकीला मोठी फिट आली. इथले डॉक्टर नवे. त्यांनी विचारलं, "पहले किसी दवा से रैश हुआ था?"

झालं होतं. अंगभर पुरळ, ताप, चार दिवस दवाखाना. पण तीन औषधं बदलली होती, नावं एकासारखी एक. त्यातलं कोणतं ते मला आठवेना.

"याद कीजिए, मैडम. वही दोबारा दे दी तो बच्ची को बहुत तकलीफ़ होगी."

जुन्या डॉक्टरांचा नंबरही त्याच फोनबरोबर गेला होता. आई असून एवढंही सांगता येत नाही, याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

लेकीला घेऊन घरी आलो तसा ह्यांनी लॅपटॉप उघडला, यादीत 'कागद' हा शब्द शोधला. लगेच ओळ आली: पेटी ११, तळाशी, स्वेटरांखाली, लाल फाईल, लेकीचे कागद. मी टाकलेले कागद ह्यांनी गुपचूप उचलून ठेवले होते. चार पेट्या उतरवून अकरा नंबर काढली. फाईलमधल्या एका चिठ्ठीवर औषधाच्या नावाभोवती जुन्या डॉक्टरांनी गोल करून शेजारी 'रॅश' लिहिलेलं होतं.

मी पेटीवर बसून रडले. "बोला ना काहीतरी, रागवा," म्हटलं.

"अगं, आधी डॉक्टरांना फोटो पाठव," हे म्हणाले.

त्याच आठवड्यात ह्यांनी माझ्या फोनवर तसलंच सॉफ्टवेअर घालून दिलं. साधी अक्षरं, साधी फाईल. फोनवर लिहिलं की लॅपटॉपवर आपोआप उतरतं, मध्ये कंपनी नाही, ओटीपी नाही. दिसायला अगदीच ध्यान. पण ज्यांनी ते बनवलं, आपली नोकरी सांभाळून, माझं तोंडही न पाहता, त्या माणसांचे उपकार मी कसे फेडू मला कळत नाही. एकदा त्यांच्या पानावर मोडक्या इंग्रजीत आभार लिहिले. कुणीतरी उत्तरात एक हसरा चेहरा पाठवला, तेवढ्याने माझा दिवस छान गेला.

मी रोज एक ओळ लिहू लागले: आज काही नाही. पुढे ते काम लेकीने घेतलं. बोलते हिंदीत, "मम्मी, मैं लिख देती हूँ," पण फाईल मी मराठीत सुरू केली म्हणून तीही मराठीतच लिहिते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी ती फाईल बघितली. बोटाने वर सारत गेले, सारतच गेले. "ये एक ही लाइन बार-बार क्या लिखी है?"

"आज कुछ नहीं हुआ," लेकच बोलली. "दो साल से ज़्यादा हो गए, अंकल."

ते तिच्याकडे बघून हसले आणि चिठ्ठी लिहू लागले.

घरी येऊन तिने फोन मागून घेतला. मी स्वयंपाकघरात होते, लॅपटॉपवर ओळ उतरलेली ह्यांनी पाहिली आणि मला हाक मारली. लिहिलं होतं: आज काही नाही. आजपासून गोळी अर्धी.