शाळेतलं स्टूल आणि आमची ही

"सरका, आधी मी," आमची ही म्हणाली आणि स्टुलावर चढली. शनिवारची संध्याकाळ होती. शाळेच्या स्टुलाचा पाय हलत होता, म्हणून ते घरी आणून मी खिळा ठोकला होता. ही वर-खाली करून बघत होती. बाई अंगानं भरलेली. मी म्हणालो, "मोडंल."

"माझ्यानं मोडलं न्हाय, तर पोरांनी काय मोडतंय?"

सोलापुरात एका शाळेत मी शिपाई, ती आया. एकोणीसशे सत्तरच्या पुढची वर्षं. जाड पोरांचा दम मोजायला एक डॉक्टर यायचे. पोरानं तीन मिनिटं स्टुलावर चढ-उतार करायची, मग डॉक्टर नाडी बघणार. मध्येच खाली बसलं, तर त्याची कवायत, लेझीम बंद.

डॉक्टरांनी बजावलं होतं, पोरं उपाशी आणा. हिनं सगळ्यांना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी चारली. नाड्या अशा उडाल्या, की डॉक्टर घड्याळच कानाला लावून बघायला लागले. मग चटणीचा वास आला.

"बाई, मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं की. पण बैलालाबी जुंपायच्या आधी वैरण टाकत्यात, साहेब."

असली बाई तुमच्याही बघण्यात असेल. वाद घालून उपयोग नसतो. त्याच शनिवारी सकाळी तपासणी पुन्हा झाली.

तेव्हा विणकराच्या घरची एक पोरगी अर्ध्यात खाली बसली. दम होता, पण पोरं हसली. तिला लेझमीचं वेड. डॉक्टर म्हणाले, "सोमवारी शेवटचं बघतो. नाहीतर लेझीम बंद." पोरगी पाण्याच्या टाकीमागं रडत बसली. ही तिच्यापाशी गेली.

"सोमवारी मी चढते तुज्यासंगं. मला हसू देत. माझ्यापुढं तू काडी दिसशील."

"नक्की, मावशी?"

"व्हय की."

रविवारी सकाळी ही चहा टाकायला उठली आणि चुलीपाशीच आडवी झाली. रिक्षा आणेपर्यंत गेली. संध्याकाळी माती दिली.

सोमवारी सकाळी मी स्टूल खांद्यावर घेतलं. शेजारी म्हणाला, "सुतकात कुटं निघालास?"

"कामाला."

पोरगी स्टुलावर, मी शेजारच्या ओट्याच्या पायरीवर. चढ-उतार सुरू. टोपी पडली, धोतर सुटायला आलं. पोरं हसली ती माझ्याकडं बघून. पोरगी थांबली नाही. तीन मिनिटं झाली. माझं तोंड बघून डॉक्टरांनी नाडी बघायला आधी माझाच हात धरला.

मी हात सोडवून घेतला. म्हणालो, "साहेब, आधी पोरीचं लिहा."