मिठ्ठूची नक्कल

श्रीधरराव पांढरीपांडे यांना आयुष्यात एकच गोष्ट चारचौघांपेक्षा चांगली जमली, आणि साठी उलटल्यावर त्यांना लाज वाटली ती नेमकी तिचीच.

एरवी माणूस साधा. पूर्वज भोसल्यांच्या दफ्तरात कारकून होते, हे ते नव्या पाहुण्याला चहा येण्याआधी सांगत. आपणही पाटबंधारे खात्यात कारकुनीच करून निवृत्त झालो, हे चहा संपल्यावर सांगत. नागपूरला धरमपेठेत बेताचा फ्लॅट, पत्नी भारती, एकुलती मुलगी वैदेही. ऑफिसात त्यांची कधी तक्रार झाली नाही की कौतुक झालं नाही. निरोप समारंभात साहेबांनी भाषण केलं, त्यात दोनदा त्यांचं नाव चुकवलं आणि ते त्यांनी हसून सोडून दिलं.

पण रविवारी सकाळी त्यांच्या जुन्या कॉलेजच्या मैदानासमोरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर त्यांच्यावाचून पान हलत नसे. तिथे कॉलेजच्या फुटबॉल टीमचे जुने भक्त जमत. यांच्यापैकी एकानंही टीमकडून कधी बॉलला पाय लावला नव्हता. न खेळणाऱ्याला खेळ जास्त कळतो, त्याप्रमाणे यांना सगळंच कळत असे. संजीव एखादी मॅच उकरून काढी, संघपाल त्याची चूक काढी, आणि पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री पडेपर्यंत दोघांचं भांडण रंगात येई. जबलपूरला अंगात सणसणीत ताप असताना सेंटर फॉरवर्डनं मारलेले गोल. कन्हानची ती मॅच, जिथे बॉल नदीत गेला आणि दोन्ही टीमा वैर विसरून काठाकाठानं त्याच्यामागे धावल्या. दरवर्षी नदी जरा रुंद होई आणि ताप जरा चढे. कोणाची हरकत नसे.

शेवटी कोणीतरी म्हणेच, "आता मिठ्ठू होऊन जाऊ दे."

मग श्रीधरराव उठत. नको नको म्हणत उठत, पण प्लेट त्यांनी आधीच खाली ठेवलेली असे.

मिठ्ठू म्हणजे त्यांच्या काळचा गोलकीपर. हिरवी जर्सी घालायचा म्हणून मिठ्ठू. कामठीच्या टीमशी फायनल, शून्य-शून्य, मॅच संपत आलेली. समोरून कोणीतरी लांबून आपला उगाच एक बॉल उचलून मारला. त्यात गोल व्हावा असं मारणाऱ्याच्याही मनात नव्हतं. मिठ्ठू हात पसरून उभा राहिला, टप्प्याचा अंदाज चुकला, बॉल दोन पायांमधून मागे गेला आणि मिठ्ठू आभाळात बघत राहिला. एवढीच घटना. श्रीधररावांनी तिचा पंधरा मिनिटांचा तमाशा केला होता. ते हात पसरत, डोळे आकाशाला लावत, "आला, आला" म्हणत. मग स्वतःभोवती गरगर फिरून बॉल शोधत. मग मटकन खाली बसत आणि जर्सी डोक्यावरून ओढून तोंड लपवत, कारण मिठ्ठू खरोखरच तसा बसला होता. आणि मग तो त्यांचा स्वतःचा मसाला: डोकं जर्सीत, आणि दोन्ही हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सटासट.

ते मागावर धोटा फेकणं होतं. मिठ्ठू कोष्ट्याचा पोरगा. घरी माग, बाप मागावर बसणारा. "गड्या, तुझं काम धोट्याचं, तू गोलात काहून उभा राहिला?" असं श्रीधर तेव्हा, विशीत, वर तोंडानंही म्हणत असे. पुढे काळ बदलला, तसं वाक्य गळालं. हात राहिले. हसू तिथेच सर्वांत जास्त येई.

ही नक्कल त्यांनी कॅन्टीनमध्ये केली, लग्नात केली, ऑफिसच्या सहलीत केली. वैदेही लहान असताना ती झोपत नसली की पलंगासमोर केली. पोरगी हसून हसून झोपायची. पुढे तीही करायला लागली, बापापेक्षा बरी.

आता ती हिंगण्याच्या एका कंपनीत होती, आणि तिथेच तिला ऋषी भेटला. ऋषी धकाते. पोरगा शांत, हसरा, भारतीबाईंना पहिल्याच दिवशी आवडलेला. श्रीधररावांनी जातीवरून जरा आढेवेढे घेऊन पाहिले, पण घरात कोणी ऐकून घेत नाही असं दिसल्यावर आपण पहिल्यापासूनच पुरोगामी असल्याचं जाहीर केलं.

डिसेंबरातली गोष्ट. जेवताना वैदेही म्हणाली, "अहो बाबा, सांगायचंच राहिलं. ऋषीचे बाबा तुमच्याच कॉलेजचे आहेत. बबनराव धकाते. तुम्ही ओळखत असाल."

श्रीधररावांचा घास हातातच राहिला. त्या फायनलची अकरा नावं त्यांना आरतीसारखी पाठ होती. ठेल्यावरचे बाकीचे मिठ्ठूचं खरं नाव केव्हाच विसरले होते, यांना मात्र ते विसरण्याची सोय नव्हती. गोलवर बबन धकाते. नागपुरात धकाते पुष्कळ, म्हणून नुसत्या आडनावावरून त्यांना संशय आला नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "मोठं कॉलेज होतं."

खोटं बोलले, आणि त्या रात्री त्यांना पहिल्यांदा ते हात आठवले. आपलेच हात. तिकडे कळलं तर पोरीचं लग्न मोडेल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. ते हात म्हणजे काय, असं वैदेहीनं विचारलं तर? काय सांगायचं? जन्मभर बाप गमतीदार आहे असं समजून ती हसत आली. त्या गमतीच्या पोटात काय होतं हे तिला कळलं, तर ती पुन्हा आपल्याकडे तशी बघणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घरी न सांगता, ते गोळीबार चौकाकडे बबनरावांच्या घरी गेले. पोरं कामावर होती, ऋषीची आई बाजारात. दार बबनरावांनीच उघडलं. टक्कल पडलेलं, अंग वाळलेलं, पण हाताचे पंजे तेवढेच मोठे. श्रीधररावांनी ते पंजे लगेच ओळखले आणि मान खाली घातली.

"या जी, बसा," बबनराव म्हणाले. "वैदेहीचे बाबा ना? फोटो दाखवला होता पोरानं. पाणी आणतो."

घरात माग नव्हता. जिथे असावा तिथे आता शिलाईची मशीन आणि वर टीव्ही. बबनरावही हिंगण्याच्या एका कंपनीत पाळ्या करून निवृत्त झाले होते. पाणी पिऊन झालं, थंडीबद्दल बोलून झालं. श्रीधररावांनी घसा साफ केला.

"बबनराव, मी त्या फायनलला होतो. गोलच्या मागेच उभा होतो. आणि नंतर मी... तुमची एक..."

"नक्कल," बबनराव म्हणाले. "माहीत आहे मले. पाहिली मी."

"कधी? कुठे?"

"इथंच. या पलंगापुढं. दिवाळीत ऋषीनं करून दाखवली. वैदेहीनं शिकवली म्हणे त्याले. 'पप्पा, तिचे बाबा लय मजेदार आहेत, हे पहा,' म्हणला, अन् सुरू झाला. त्याची आई तर हसून हसून लोटपोट झाली."

श्रीधररावांना खोलीतली जमीन दुभंगली तर बरं असं झालं. पण नागपूरची जमीन अशा वेळी कधी दुभंगत नाही.

"आणि तुम्ही?"

"मीही हसलो. काय करू? पोरगं एवढ्या हौसेनं करून राहिलं होतं." बबनरावांनी रिकामा पेला उचलला, पुन्हा खाली ठेवला. "मी फुटबॉल खेळत होतो हेच त्याले माहीत नाही जी. त्याच्या मायलेही नाही. त्या मॅचनंतर मी मैदानाकडं गेलोच नाही. एकदा गेलो होतो, नवी टीम पाहायले. तुमचंच चालू होतं गोलमागं. तसाच परत आलो."

श्रीधररावांनी हात जोडले.

"ते हाताचं ऋषीले नाही समजलं," बबनराव हळूच म्हणाले. "त्याले वाटलं, गोलकीपर बॉल चाचपून राहिला. मले समजलं. माझा बाप असाच धोटा फेकायचा. चांगली केली होती पोरानं, अगदी आज्यासारखी."

"मी सगळ्यांसमोर माफी मागतो. ठेल्यावर मागतो. ऋषीसमोर, वैदेहीसमोर—"

"नाही!" बबनरावांचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्याले सांगू नका. माझ्यापुढं माझीच नक्कल केली हे त्याले कळलं, तर पोरगं लाजेनं मरून जाईल. तुमाले मोकळं व्हायचं आहे, ते मले समजते. पण माझ्या पोराच्या जिवावर होऊ नका. गप्प राहा. माझ्यासाठी एवढं करा."

माफी मागायला गेलेला माणूस माफी खिशात घेऊन परतला. सीताबर्डीवरून थेट घरापर्यंत पायी आला. आपल्याला रिक्षा करायची आठवण झाली नाही, हे घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं.

जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी मैदानावर दरवर्षी जुन्यांची नव्यांशी मॅच असे. जुने धापा टाकत, नवे दया करत, आणि मग सगळे ठेल्यावर. त्या दिवशी मिठ्ठू झाल्याशिवाय कोणी घरी जात नसे, हा नियमच होता. श्रीधररावांनी जायचं नाही असं ठरवलं. पण वैदेहीनं ऋषीला बोलावून ठेवलं होतं, आणि ऋषी तिथून फोनवर म्हणाला, "बाबा, या लवकर. पप्पांनाही आणलंय मी. त्यांचंही कॉलेज ना हे! येतच नव्हते, ओढून आणलं."

गेले. जावंच लागलं. बबनराव घोळक्याच्या कडेला, मफलर कानावर गुंडाळून उभे होते. त्यांना कोणी ओळखलं नाही. संजीवनं तर त्यांच्या हातात पोह्यांची प्लेट देऊन विचारलं, "तुमी बी शौकीन का जी फुटबॉलचे?"

"होतो," बबनराव म्हणाले.

जबलपूर झालं, कन्हान झालं, नदी यंदा चांगलीच फुगली होती. मग टाळ्या सुरू झाल्या. "मिठ्ठू! मिठ्ठू!"

"आज नको," श्रीधरराव म्हणाले. "कंबर धरली आहे."

"काहून बे, जावयापुढं लाजून राहिला का?" संघपाल ओरडला, आणि सगळे हसले.

"कंबर दुखतेय तर राहू द्या," ऋषी उठत म्हणाला. स्वेटरच्या बाह्या त्यानं वर सारल्या. "मी करतो ना! मला येते. पप्पांना तर फार आवडली होती."

श्रीधररावांनी बबनरावांकडे पाहिलं. मफलरमधून नुसते डोळे दिसत होते, आणि ते डोळे आपल्या पोराकडे लागले होते. त्या डोळ्यांत राग नव्हता. मारक्या बैलापुढे लेकरू जाताना दिसावं, तशी ती नजर होती.

"बस तू," श्रीधरराव जवळजवळ ओरडले. "बस म्हणतो ना! माझी आहे ती. मीच करतो."

आणि ते मध्ये जाऊन उभे राहिले. हात पसरले. आकाशाकडे पाहिलं. "आला, आला," म्हणाले, पण आवाज इतका बारीक निघाला की लोकांना ते नवीनच वाटलं आणि ते आणखी हसले. ते गरगर फिरले. फिरताना संजीव दिसला, वैदेही दिसली, तोंडावर हात धरून हसणारा ऋषी दिसला, मफलर दिसला. मग ते खाली बसले आणि स्वेटर डोक्यावरून ओढून घेतला.

आत अंधार होता. लोकरीचा वास, आपलाच श्वास. आणि बाहेर हसणं. हे हसणं ते जन्मभर ऐकत आले होते, पण नेहमी ते आपल्या बाजूचं होतं. आतून ते कसं ऐकू येतं हे त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं. विशीतलं एक पोरगं गच्च भरलेल्या मैदानात या अंधारात बसलं होतं, आणि आपण त्याच्या मागेच, हाताच्या अंतरावर उभे होतो. हसणारा पहिला आवाज आपला होता.

"हात राहिले बे!" संजीव ओरडला. "हात कर ना!"

श्रीधररावांनी हात मांड्यांखाली दाबून धरले.

"अरे, हात!"

हसणं हळूहळू विरलं. काहीतरी चुकतंय असं लोकांना वाटू लागलं. "बाबा?" वैदेहीचा आवाज आला. तेवढ्यात कोणीतरी जवळ येऊन बसलं, आणि एक मोठा पंजा त्यांच्या खांद्यावर पडला.

"कंबर धरली वाटते यांची," बबनराव मोठ्यानं लोकांना म्हणाले. "पाणी आणा जरा." मग स्वेटरपाशी तोंड आणून, त्यांना एकट्याला ऐकू येईल असं म्हणाले, "उठा जी. मी लय वेळ बसलो होतो असा. उचलायले कोणी आलं नव्हतं."

श्रीधररावांनी तो हात घट्ट धरला. उठायला ते तयार होते. पण उठायचं तर तोंड बाहेर काढावं लागणार होतं, आणि तेवढं काही केल्या त्यांना होईना.